वीजबिलामागचा वकील
चामराजपेटेला लागून असलेल्या के. आर. मार्केटात १९०५ साली विजेचे दिवे लागले. आज दिवा लावणं सोपं. त्याचं बिल किती यावं, यावर मात्र वकील झगडतात. वीज कायदा २००३ नुसार घरगुती दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. त्यावर अपील दिल्लीच्या न्यायाधिकरणात, पुढे सर्वोच्च न्यायालयात. वीजखरेदी करारातली कलमं किती महाग पडतात, हे महाराष्ट्राला दाभोळनं शिकवलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून कंपनीला करारातून सुटता येणार नाही. या वकिलीला कायद्याइतकंच गणित लागतं. वकील नसलात तरी दरवाढीच्या प्रस्तावावर हरकत मात्र तुम्हीही नोंदवू शकता.