कुत्र्यांतील द्विदल झडपेचा अपकर्ष

कुत्र्यांमध्ये सर्वाधिक आढळणारा उपार्जित हृद्‌रोग. तो मुख्यतः लहान जातींच्या वयस्क कुत्र्यांना होतो. कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीत तो लवकर उद्‌भवतो. या रोगात रूपांतरक वृद्धिघटक-बीटा व सेरोटोनीन यांच्याशी निगडित जीनांची अभिव्यक्ती (जीनमधील माहितीनुसार प्रथिन तयार होण्याची क्रिया) बदलते. त्यामुळे झडपेतील एरवी शांत असणाऱ्या कोशिका सक्रिय होतात, कोलॅजेनाची चौकट विस्कटते व श्लेष्मल द्रव्य साचते. जाड झालेली झडप नीट मिटत नाही. रक्त डाव्या निलयातून अलिंदात परतते व मर्मरध्वनी ऐकू येतो. पुढे फुप्फुसांत द्रव साचून धाप लागते. हृदय मोठे झालेल्या कुत्र्यांत पिमोबेंडान हे औषध हृद्‌निष्फलता सरासरी सुमारे १५ महिने लांबविते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. मात्र झडपेचा अपकर्ष थांबविणारे औषध उपलब्ध नाही.