उकळलं तरी न जाणारं विष

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पाणी उकळलं की सगळं विष जातं ना?" आम्हा सगळ्यांचाच तसा समज होता. पण तो अर्धाच खरा आहे. उकळल्यानं रोगजंतू मरतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम हे जड धातू तसेच राहतात. उलट दोन लिटर पाणी आटून दीड लिटर झालं, तर तेवढंच शिसं कमी पाण्यात उरतं. ते दिसत नाही, चवीलाही कळत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला मात्र ते बाधतं. म्हणूनच भारतीय मानकानुसार पिण्याच्या लिटरभर पाण्यात शिसं ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको.

मग हे धातू काढायचे कसे? एक पद्धत आहे द्रवपटलाची, म्हणजे तेलाच्या गाळणीची. ताक घुसळावं तसं रॉकेलसारख्या तेलात आम्ल घुसळून त्याचे अगदी बारीक थेंब करतात. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून साबणासारखं द्रव्य घालतात. तेलात आणखी एक द्रव्य असतं, ते नावाड्याचं काम करतं. हे मिश्रण दूषित पाण्यात ढवळलं, की नावाडी पाण्यातला धातू उचलतो, तेल ओलांडून आतल्या आम्लात उतरवतो आणि पुढच्या खेपेला परत येतो. ढवळणं थांबलं की मिश्रण वर तरंगतं, ते काढून घेतात. मग विजेच्या साह्यानं थेंब फोडून धातूचं आम्ल वेगळं करतात. तेल पुन्हा वापरता येतं.

अमेरिकेत नॉर्मन ली यांना १९६८ मध्ये अशा द्रवपटलाचं पेटंट मिळालं. पुढे ऑस्ट्रियात लेन्झिंग इथल्या व्हिस्कोज धाग्याच्या कारखान्यात सांडपाण्यातलं जस्त काढायला ही पद्धत वापरली गेली. यातली अडचण अशी, की ढवळताना थेंब फुटले तर धातू परत पाण्यात जातो. म्हणून हे काम कारखान्यातल्या जाणकारांचंच. घरी रॉकेल घालून असले प्रयोग मुळीच करू नका!

आपण काय करायचं? जवळपास धातूचं काम किंवा जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम चालत असेल, तर विहिरीचं, बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. जड धातूंची तपासणी हवी, असं स्पष्ट सांगा. अहवाल ग्रामसभेत वाचायला लावा. धातू कारखान्याच्या सांडपाण्यातूनच काढला, तर तो आपल्या हंड्यापर्यंत येणारच नाही. ते मागणं आपला हक्क आहे.