कर्त्या पुरुषामागचे रकाने

रशियातल्या व्होल्गाकाठाहून अमेरिकेत कॅन्ससला गेलेल्या जर्मन कुटुंबांचा माग काढणारे बहुतेक जण कर्त्या पुरुषाचे आडनाव धरून खानेसुमारीत शिरतात आणि तिथेच अडकतात. रशियन कारकुनाने ते कानावर पडले तसे आपल्या लिपीत उतरवले, पुढे कॅन्ससच्या प्रगणकाने इंग्रजी वळणावर नेले. एकाच घराण्याची अनेक आडनावे व्हायला एवढे पुरते. माझ्या मते या स्थलांतराचा धागा बायकामुलांच्या रकान्यांत अधिक शाबूत आहे. कॅथरीन दुसरीच्या १७६३ च्या जाहीरनाम्यानंतर वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्या १७९८ च्या गणनेत विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव आणि तिची मूळ वसाहतही सापडते, म्हणजे एका नोंदीत दोन गावे जोडली जातात. यावर आक्षेप असा, की १८११ ची गणना फक्त पुरुषांची होती. खरे आहे. डोईपट्टीसाठी मोजणाऱ्या सरकारला मागच्या गणनेतला पुरुष मेला की दुसरीकडे गेला हे हवेच होते, आणि तेवढ्यापुरती ती गणना उपयोगी पडते. पण कोणत्या वसाहतींत सोयरीक होती, पुढे कुणाच्या ओळखीवर घर हलले असेल, हे त्यातून कळत नाही.

डोईपट्टीसाठीच्या या रशियन गणनांपैकी (‘रिव्हिजन’) शेवटची १८५७ ची. नंतर १८७४ मध्ये सक्तीची लष्करभरती आली, १८७६ मध्ये कॅन्ससच्या एलिस परगण्यात हर्झोग, कॅथरीन, मंजर ही गावे वसली, आणि नेमक्या या उलथापालथीच्या वर्षांत रशियाकडची मोजणीच नाही. इथे १८८० च्या अमेरिकन जनगणनेतली मुले कामी येतात: सहा वर्षांचा मुलगा रशियात जन्मलेला, तीन वर्षांची मुलगी कॅन्ससमध्ये, म्हणजे समुद्रप्रवास मधल्या काळातला. माहिती शेजाऱ्याने दिली असेल, वये अंदाजे असतील, असे कोणी म्हणेल. वय वर्षा-दोन वर्षांनी चुकू शकते; थोरला तिकडचा आणि धाकटी इकडची हा क्रम मात्र सहसा उलटत नाही, आणि १८८५ च्या राज्य-गणनेत तो पडताळता येतो. १९०० च्या जनगणनेत देशात आल्याचे वर्ष थेट विचारले आहे. पण पंचवीस वर्षांनी आठवून सांगितलेल्या त्या आकड्यावर मी मुलांच्या जन्मांपेक्षा जास्त भिस्त ठेवणार नाही. मधे मूल दगावले असेल तर? त्याचेही उत्तर त्याच तक्त्यात आईच्या ओळीत आहे: किती मुले झाली, किती हयात आहेत. या दोन आकड्यांतला फरक मोठा असेल, तर जन्मांवरून काढलेला काळ सैल धरावा. मधल्या १८९० च्या गणनेचा आधार मात्र मिळत नाही; ती १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळीच गेली.

हा युक्तिवाद एका ठिकाणी तोकडा पडतो. एकट्याने आलेल्या अविवाहित तरुणाच्या ओळीला ना माहेर असते ना मुले. त्याच्यासाठी जहाजांच्या प्रवासी याद्याच चाळाव्या लागतात.