पोतं कुणाचं, माणूस कुणाचा?

कामगार संघटनांचा आढावा म्हटला की लेखणी परळच्या नाक्यावर जाते आणि तिथेच थांबते. लोखंड्यांची १८८४ची सभा, १८९०ची रविवारची सुट्टी, १९२८चा सहा महिन्यांचा संप, १९४६चा औद्योगिक संबंध कायदा आणि १८ जानेवारी १९८२. हा क्रम वाचकांना पाठ आहे, म्हणून मी तो एका दमात ओलांडतो. माझं म्हणणं जुनंच आहे. आपल्या कामगार चळवळीची सर्वांत मोठी कमाई गिरणीत नाही, भुसार बाजारात झाली.

पुण्याच्या भवानी पेठेत एका सकाळी ट्रकच्या फळीवरून घसरून एका हमालाचा पाय मोडला. पाठीवर शंभर किलोचं पोतं. दवाखान्याचे पैसे कोण देणार? आडत्या म्हणाला, माणूस मुकादमाचा. मुकादम म्हणाला, माल आडत्याचा. ट्रकवाला तोवर निघून गेला होता. शेवटी टोळीतल्यांनीच वर्गणी काढली. मजुरीच्या प्रश्नाचं मूळ मला त्या दिवशी कळलं. ज्याला मालकच नाही, त्याने भाव वाढवून मागायचा कुणाकडे?

पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी संघटना याच प्रश्नाला भिडल्या. १९६९च्या माथाडी कायद्याने त्याचं उत्तर दिलं. गोदी कामगारांसाठी १९४८च्या कायद्याने असा मार्ग काढला होताच. तो आता बाजारपेठेत आला. मालक, कामगार आणि सरकार यांचं मंडळ. हमालाची नोंदणी मंडळाकडे. व्यापाऱ्याने हमाली आणि वर लेव्ही मंडळात भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा, औषधपाणी. मालक दहा असोत की शंभर, हमालाचं खातं एकच.

संघटना मजुरी वाढवते आणि रोजगार घालवते, असं काही विद्वान दरवर्षी लिहितात. त्यांनी पहाटेचा बाजार पाहिलेला नाही. पोटासाठी शंभर माणसं उभी आणि बोट दाखवणारा मुकादम एक, तिथे मजुरी आधीच तिच्या मोलाखाली दाबलेली असते. ती वर आणली म्हणून काम नाहीसं होत नाही. काम हलवता येतं का, हा खरा प्रश्न. मुंबईचं कापड भिवंडीच्या मागावर विणता येतं. गिरणी कामगाराच्या हातातलं बळ तिथेच ओसरलं. पण मार्केट यार्डात आलेला ट्रक मार्केट यार्डातच रिकामा करावा लागतो. म्हणून हमालाची वाढलेली मजुरी टिकली.

एक दोष मात्र मान्य करायला हवा. टोळीत नाव लागलेला सुरक्षित झाला, बाहेरचा बाहेरच राहिला. पुढे माथाडीच्या नावावर न केलेल्या कामाची वसुली करणारे टोळभैरव आले. ज्या शब्दासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, त्या शब्दाला त्यांनी खंडणीचा वास लावला. चळवळीने त्यांना वेळीच हाकललं नाही, याचं दुःख मला आजही आहे. कारखान्यांत ठेकेदाराची माणसं वाढत गेली आणि कायम कामगारांच्या युनियननी त्यांना आपलं मानलं नाही, हेही तसंच.

आज मोबाइलवरून मागवलेलं जेवण पोचवणारा मुलगा पावसात दुचाकीवरून घसरतो. कंपनी म्हणते, तो आमचा भागीदार. हॉटेल म्हणतं, तो कंपनीचा. भवानी पेठेतलाच हा संवाद. राजस्थानने २०२३मध्ये आणि कर्नाटकाने २०२५मध्ये अशा कामगारांसाठी कायदे केले: मंडळ, नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारामागे कल्याण निधीसाठी शुल्क. हा सांगाडा आपल्या हमालांनी उभा केलेला आहे. महाराष्ट्राने तो त्या मुलापर्यंत न्यावा, आणि या वेळी नोंदणीचं दार उशिरा आलेल्यासाठीही उघडं ठेवावं.