गोळी सुटण्याआधीचे संशोधन

बंदुकीच्या हिंसेचे संशोधन दोन प्रकारचे असते. एक गोळी सुटल्यानंतरचे: हत्यार कोणते, पुंगळी कुठली, मारेकरी कोण. दुसरे त्याआधीचे: हत्यार कुठून येते, कोणत्या घरात असते, कोणत्या प्रसंगी उचलले जाते आणि तो प्रसंग कसा टाळता येईल. भारतात सरकारी पैसा प्रामुख्याने पहिल्या कामाला मिळतो.

ते कामही मोलाचे आहे, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाने ते जवळून पाहिले आहे. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड ही पुणे-बंगळूर महामार्गावरची गावे. 16 फेब्रुवारी 2015 रोजी कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी 30 ऑगस्टला धारवाडमध्ये कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी यांचा राहत्या घरी खून झाला. 5 सप्टेंबर 2017 रोजी बंगळूरमध्ये पत्रकार गौरी लंकेश मारल्या गेल्या. गोळ्या आणि पुंगळ्यांवरच्या खुणा ताडून पाहिल्यावर कर्नाटकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर 7.65 मिलिमीटरचे एकच गावठी पिस्तूल चालल्याचा निष्कर्ष काढला. वेगवेगळ्या वाटणाऱ्या तपासांना जोडणारा धागा मिळाला, तो प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली.

पुढे या क्षेत्रात पैसा वाढला. जून 2024 मध्ये केंद्र सरकारने न्यायवैद्यक सुविधांसाठी पाच वर्षांची 2254.43 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ नेण्याची तरतूद आहे. पण यातला सारा खर्च गुन्हा घडल्यावरचा.

प्रतिबंधाचे संशोधन पैशाअभावी कसे थांबते, याचा धडा अमेरिकेत आहे. 1993 साली आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की घरात बंदूक असली की त्या घरात खून होण्याचा धोका वाढतो. अभ्यासाला पैसा सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा होता. 1996 साली खासदार जे डिकी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी हा निधी वापरण्यास मनाई झाली आणि संस्थेच्या अंदाजपत्रकातून 26 लाख डॉलर काढून घेतले गेले. शब्दांत संशोधनाला बंदी नव्हती. परंतु संस्थेने धसका घेतला आणि विषयच टाळला. 2012 मध्ये खुद्द डिकी यांनी असे संशोधन व्हायला हवे असे जाहीरपणे लिहिले. प्रत्यक्ष निधी, अडीच कोटी डॉलर, मंजूर झाला तो 2019 च्या अखेरीस. दोन दशकांहून अधिक काळ वाया गेला.

ही मनाई पुढे एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेलाही लागू झाली होती. त्याच एनआयएचच्या पैशावर बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने जिल्ह्यातल्या खेड्यांत बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा अभ्यास केला. 1620 स्त्रियांच्या त्या चाचणीत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. 2006 मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. गोळ्या देणाऱ्या होत्या उपकेंद्रांतल्या परिचारिका. नियमित सरकारी पैसा आणि गावपातळीवरची चोख नोंद मिळाली, तर बेळगावातून जगाला उपयोगी ज्ञान निघते, हे सिद्ध झालेले आहे.

बंदुकीच्या बाबतीत मात्र ही नोंदच तुटक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग खून, आत्महत्या आणि अपघाती मृत्यू वेगवेगळ्या तक्त्यांत मोजतो. गोळी लागून वाचलेला, हात वा डोळा गमावलेला माणूस या मृत्यूंच्या तक्त्यांत येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. या मर्यादेमुळे किती जीव वाचले, हे सांगायला जखमींची नोंद लागते. शिवाय गोळीने होणाऱ्या खुनांत बहुतांश हत्यारे विनापरवाना असतात, म्हणजे केवळ परवान्यांची वही तपासून प्रश्न कळणार नाही.

बेळगावच्या कॅम्पात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, प्रत्येक रायफल शस्त्रागाराच्या नोंदवहीत असते. तशी शिस्त नागरी बाजूला जखमांच्या नोंदीत यायला हवी. शहरात वैद्यकीय महाविद्यालये, प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था आहे. रुग्णालय, पोलीस आणि प्रयोगशाळा यांना जोडणारी गोळीजखमांची कायमस्वरूपी नोंद इथे सुरू करावी आणि तिला कर्नाटक, महाराष्ट्र व केंद्र या तिन्ही सरकारांनी मिळून निधी द्यावा.