प्रवाही रूपांतरासाठी शब्दकोशीय सामग्रीची रचना

शब्दकोशातील नोंदीत शब्द कोणता, अर्थ कोणता आणि प्रदेश कोणता, हे वाचकाला सहज उमगते. संगणकाला ते खुणांनी सांगावे लागते. अशा खुणांची 'एक्सएमएल' ही पद्धती १९९८ मध्ये प्रमाणित झाली. या सामग्रीचे दुसऱ्या रूपात, उदाहरणार्थ छपाईच्या मजकुरात, रूपांतर करण्यासाठी 'एक्सएसएलटी' ही भाषा वापरतात.

सामान्यतः रूपांतरापूर्वी संपूर्ण सामग्री संगणकाच्या स्मृतीत साठवली जाते. संग्रह फार मोठा झाला की ही स्मृती अपुरी पडते. म्हणून २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रवाही रूपांतराची सोय आली. यात सामग्री आरंभापासून अखेरपर्यंत एकदाच वाचली जाते. मागे वळता येत नाही. त्यामुळे रचनेचा विचार आधीच करावा लागतो.

झाडीबोलीच्या संग्रहातील पुढील नमुना नोंद पाहा :

<नोंद शब्द="बोडी" तालुका="देवरी"><अर्थ>लहान तलाव</अर्थ></नोंद>

१. निवडीची माहिती आरंभी द्यावी. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या शब्दांवर केवळ 'भंडारा' अशी खूण असेल, तर त्यांतील गोंदियाचे शब्द निवडता येणार नाहीत. तालुका आरंभखुणेतच असल्यास अर्थ वाचण्यापूर्वी निवड होते.

२. नोंद लहान व स्वयंपूर्ण असावी. अशा एकेका नोंदीची तात्पुरती प्रत स्मृतीत घेऊन तिच्यात मागेपुढे पाहता येते. 'तलाव पहा' एवढेच लिहिले, तर त्या नोंदीकडे उडी घेता येत नाही. म्हणून आवश्यक अर्थ तेथेच द्यावा.

३. क्रम आधीच लावावा. वर्णक्रम लावण्यासाठी शेवटची नोंदही हाती असावी लागते. ते एका वाचनात साधत नाही. संक्षेपसूचीही छापील कोशाप्रमाणे आरंभी असावी, म्हणजे ती पुढील नोंदींसाठी लक्षात ठेवता येते.

येथे एक निवड अटळ आहे. नोंदी तालुकावार रचल्या तर तालुक्याचे नाव एकदाच लिहावे लागते, पण संपूर्ण कोशाचा वर्णक्रम मोडतो. वर्णक्रम राखला तर तालुका प्रत्येक नोंदीत पुन्हा द्यावा लागतो. बोलीच्या कोशात ही पुनरुक्ती दोष मानू नये. शब्द कोठला, ही त्याची ओळख तिच्यामुळेच त्याच्यासोबत राहते.

स्वयंअध्ययन प्रश्न : आपल्या गावातील पाच शब्दांच्या नोंदी वरील नमुन्याप्रमाणे तयार करा व प्रत्येक खुणेचे स्थान का निवडले, ते स्पष्ट करा.