खिशातल्या टॉर्चची निवड

खिशातला टॉर्च कुठे वापरायचा, यावरून त्याची निवड ठरते. नाशिक रोडला वीज गेल्यावर इमारतीचा जिना चढायला 50 ते 100 लुमेन पुरतात. जवळच्या दारणा नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात मात्र बिबट्याचा वावर असतो; तिथे 300 लुमेनच्या आसपासचा, लांब झोताचा टॉर्च हवा. लुमेन म्हणजे एकूण प्रकाश. दिव्यामागची वाटी खोल व गुळगुळीत असेल तर झोत एकवटून दूर जातो. खडबडीत असेल तर उजेड जवळपास सारखा पसरतो. पेन्सिल सेल किराणा दुकानातही मिळतात. लिथियम-आयन सेल पुन्हा पुन्हा चार्ज करून वापरता येतो. पावसाळ्यासाठी किमान आयपीएक्स 4 हा पाण्यापासून बचावाचा दर्जा पाहावा. टॉर्च बरेच दिवस वापरात नसेल तर पेन्सिल सेल काढून ठेवावेत. ते गळले की आतली स्प्रिंग गंजते.